कवेलूचं घर आणि अडीच मीटरची अट: हवाई लेझर मोजणीतून घरं शोधण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी खाली आलं, गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडावी लागली आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतली काठावरची गावं पाण्यात गेली. पाणी कुठवर चढतं हे काठावरच्या माणसाला ठाऊक असतं. यंत्रणेच्या हाती मात्र अशा वेळी एक साधा कागद नसतो: नदी अमुक पातळीला आली की कोणत्या घरात किती पाणी शिरेल, आणि म्हणून आधी कुणाला हलवायचं.

हे प्रकरण तसा कागद तयार करण्याच्या कामातलं आहे. वैनगंगेच्या एका उपनदीकाठची चार गावं. गावं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. नदीपट्ट्याची हवाई लेझर मोजणी डिसेंबरात झाली होती. विमानातून लेझरच्या पल्स, म्हणजे प्रकाशाचे ठोके, खाली सोडतात; त्या जिथे आदळून परततात त्या जागेचा उंचीसह एक बिंदू मिळतो. इथे चौरस मीटरला सरासरी ८ बिंदू, सोबत ऑर्थोफोटो, म्हणजे नकाशासारखा मापात बसवलेला हवाई फोटो. या बिंदूंमधून घरं आपोआप शोधायची, प्रत्येक घराजवळच्या जमिनीची उंची काढायची आणि पूरपातळीशी ताडून यादी करायची, असं काम होतं.

गावांची ठेवण इथे महत्त्वाची आहे. गावठाण उंचवट्यावर, तिथे स्लॅबची आणि टिनाची घरं, घरकुलं, एक राइस मिल आणि तिचं गोदाम. नदीच्या अंगाला, गावठाणाच्या हद्दीबाहेर, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची टोली. तिथली बहुतेक घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूची, म्हणजे कौलारू. मागे सांदवाडी, म्हणजे परस, तिच्यात आंबा, निंब, चिंच. बाजूला गुरांचा कोठा, तणसाची (धानाच्या पेंढ्याची) गंजी, दारात मांडव. पूर सगळ्यात आधी या टोलीत येतो.

अडचण

पहिली फेरी नेहमीच्या पद्धतीने झाली. जमिनीचे बिंदू वेगळे केले, उरलेल्या प्रत्येक बिंदूची जमिनीपासूनची उंची काढली. त्यातले २.५ मीटरपेक्षा उंच, सपाट पृष्ठभागावर बसणारे आणि २० चौरस मीटरपेक्षा मोठा तुकडा होणारे बिंदू एएसपीआरएस या अमेरिकी संस्थेच्या बिंदू-वर्गीकरणातल्या वर्ग ६मध्ये, म्हणजे इमारतीत टाकले. चारही गावांचा मिळून निकाल पाहिला तर चांगला वाटत होता. गावठाणातली घरं नीट उठून दिसत होती.

टोलीत मात्र निम्म्याहून जास्त छपरं गायब होती. उलट कापलेल्या वावरांत कुणीही राहत नसताना ‘इमारती’ उगवल्या होत्या.

एकूण आकड्याने हे कसं झाकलं, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा गावठाणात २०० छपरं आहेत आणि टोलीत २०. गावठाणातली सगळी सापडली आणि टोलीतली १० सुटली, तरी एकूण पूर्णता (खऱ्या छपरांपैकी किती सापडली) ९५ टक्क्यांच्या वर भरते. त्या आकड्यावर अहवाल मंजूर होतो, आणि पुरात पहिल्या रात्री बुडणारी अर्धी टोली यादीत नसते. म्हणून पुढच्या प्रत्येक फेरीत पूर्णता आणि अचूकता (सापडलेल्यांपैकी खरी किती) वस्तीनिहाय आणि छपराच्या प्रकारानिहाय मोजायची, असं ठरलं. या कामातला हा पहिला योग्य निर्णय.

घरं का सुटली, याची कारणं एकेक करून तपासली.

सगळ्यात मोठं कारण किमान उंचीची अट. टोलीतलं एक नमुनेदार घर घ्या: छपराची लांबी ६ मीटर, रुंदी वळचणीसह ५ मीटर, आढं ३.२ मीटरवर, वळचण १.६ मीटरवर. अडीच मीटर रुंदीत छप्पर १.६ मीटर उतरतं. २.५ मीटरची अट लावली की आढ्याच्या दोन्ही अंगांना जेमतेम १.१ मीटरची पट्टी उरते. ३० चौरस मीटरच्या छपराचे राहतात १३ चौरस मीटर. मग २० चौरस मीटरची दुसरी अट लागते आणि घर नकाशावरून पुसलं जातं. दोन्ही अटी वेगवेगळ्या पाहिल्या तर वाजवी वाटतात. झाडंझुडपं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि कुंपणं टाळायलाच त्या ठेवलेल्या असतात. पण त्या काँक्रीटच्या, सपाट छताच्या वस्तीला डोळ्यासमोर ठेवून ठरलेल्या आहेत. तिथे छप्पर भिंतीच्या माथ्यावर सुरू होतं. इथे माणूस वाकून आत शिरतो.

दुसरं कारण सपाटपणाची कसोटी. बिंदू पृष्ठभागापासून १० सेंटीमीटरपेक्षा जास्त ढळला तर तो सपाटात धरायचा नाही, अशी अट होती. टिनाला आणि स्लॅबला ती चालते. देशी कवेलूचं छप्पर नळ्यांच्या ओळींमुळे मुळातच खालीवर असतं. त्यात जुनी मयाल (छपराची तुळई) वाकलेली, मधे छप्पर बसलेलं, कुठे फुटक्या कवेलूंवर ताडपत्री आणि तिच्यावर दगड. संगणकाच्या हिशेबाने असा पृष्ठभाग झाडाच्या शेंड्याच्या जवळ जातो.

तिसरं कारण झाडं. लेझरची एक पल्स झाडावर पडली की पानाफांद्यांवरून आणि खालच्या जमिनीवरून वेगवेगळे रिटर्न, म्हणजे परतलेले ठोके, येतात. भरीव छपरावरून बहुधा एकच येतो. यावरूनच झाड आणि छप्पर वेगळं करतात. पण छप्पर आंब्याखाली असेल तर पहिला रिटर्न आंब्याचा असतो आणि छपराचा बिंदू ‘शेवटचा रिटर्न’ म्हणून झाडाच्या खात्यात जातो.

चौथं कारण नव्या टिनाचं. नवा चकचकीत पत्रा तिरप्या कोनातून आलेली पल्स आरशासारखी भलतीकडे परतवतो आणि बिंदूंच्या ढगात त्या जागी भोक पडतं. पुढच्या पायरीत ते भोक आजूबाजूच्या जमिनीने भरून निघतं, आणि घराच्या जागी अंगण दिसतं. गंजलेल्या पत्र्याला ही अडचण येत नाही.

वावरांतल्या खोट्या इमारती म्हणजे धानाचे पुंजणे, कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचे रचलेले ढीग. डिसेंबरात मळणी व्हायची होती. दाबून रचलेल्या पुंजण्यातून लेझर आरपार जात नाही, रिटर्न एकच येतो, उंची तीन मीटरच्या आसपास. गावातल्या तणसाच्या गंजीचंही तसंच.

पर्याय

पहिला पर्याय, ऑर्थोफोटोवरून हाताने छपरं आखणं. चार गावांसाठी ते अशक्य नव्हतं. पण झाडाखालचं घर फोटोतही दिसत नाही, आणि जुनं कवेलू व मातीचं अंगण यांचा रंग इतका जवळचा असतो की सावली पडली नसेल तर कड सापडत नाही. शिवाय पुढे पट्ट्यातल्या इतर गावांनाही हीच पद्धत लावायची होती.

दुसरा, आधीच शिकवलेलं मशीन लर्निंगचं मॉडेल वापरणं. अशी मॉडेलं ज्या वस्त्यांवर शिकवलेली असतात, त्या वस्त्यांची छपरंच त्यांना ओळखता येतात. कवेलूची घरं शिकवायला आधी कवेलूची घरं हाताने आखून द्यावी लागणार, म्हणजे पुन्हा पहिल्या पर्यायावर येणार.

तिसरा, तयार नकाशे. उपग्रहचित्रांवरून काढलेला गूगलचा ओपन बिल्डिंग्ज हा संच भारतासाठी उपलब्ध आहे. त्यात घराचा आराखडा मिळतो, जमिनीची उंची मिळत नाही, आणि भिंतीला भिंत असलेली घरं एकत्र येतात. स्वामित्व योजनेतला ड्रोन नकाशा गावठाणापुरता, टोली हद्दीबाहेर. दोन्ही संच पडताळणीसाठी घेतले, पाया म्हणून नाही.

चौथा, आहे तीच नियमांची पद्धत ठेवून तिचे आकडे इथल्या घरांवरून नव्याने ठरवणं आणि शेवटची निवड पायी फिरून करणं. हा घेतला.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवावं लागलं: कोणती चूक परवडते? पुंजणा इमारत म्हणून यादीत आला तर एका माणसाला दहा मिनिटं चालत जाऊन खात्री करावी लागते. घर सुटलं तर एक कुटुंब हलवायच्या यादीत नसतं. या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत. म्हणून मर्यादा मुद्दाम सैल ठेवायच्या आणि खोट्या इमारती नंतर गाळायच्या, असं ठरलं. पुढचे सगळे आकडे या निर्णयातून आले.

काय केलं

*छपरांची मोजणी.* संगणकाला हात लावण्याआधी टोलीत आणि गावठाणात फिरून प्रत्येक प्रकारच्या काही छपरांची वळचण, आढं, लांबी आणि रुंदी टेपने घेतली. कोठे आणि मांडवही मोजले. हे एका दिवसाचं काम, आणि हे पहिल्या फेरीच्या आधीच व्हायला हवं होतं.

*जमीन वेगळी करणं.* पीडीएएल या बिंदू हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, जमिनीचे बिंदू वेगळे करणारा एसएमआरएफ फिल्टर वापरला. त्याची मूळ मूल्यं अशी: चौकट १ मीटर, उतार ०.१५, खिडकी १८ मीटर, मर्यादा ०.५ मीटर. खिडकी म्हणजे केवढ्या रुंदीपर्यंतची वस्तू जमिनीपासून वेगळी काढायची ते माप; ती वस्तीतल्या सर्वांत रुंद छपराला पुरी पडली नाही तर त्या छपराचा मधला भाग जमीन ठरतो. राइस मिलच्या गोदामाचं तसंच झालं होतं. खिडकी वाढवली तर गोदाम सुटतं, पण नदीचा उभा काठ ‘वस्तू’ समजून कापला जातो. आणि टोली नेमकी काठावर. काठ कापला गेला की तिथली जमीन खरी असते त्याहून खाली दिसते, घर उंच दिसतं आणि पुराची खोली चुकते. त्यामुळे एकाच मूल्यात सगळं बसवण्याचा नाद सोडला. गावठाणाला मोठी खिडकी, काठाच्या पट्ट्याला लहान खिडकी आणि जमीन म्हणून चालणारा उतार ०.३, असे दोन भाग वेगळे चालवून जोडले. जोडावर जमिनीला पायरी पडत नाही ना, हे आडवे छेद काढून पाहिलं.

*उंचीचा पाया.* लेझरची उंची उपग्रहस्थितीवरून येते, ती लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेली असते. नदीची पातळी समुद्रसपाटीपासून. मध्य भारतात या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. एवढी चूक लगेच नजरेत भरते. धोका असतो तो दोन वेगळ्या बेंचमार्कमुळे, म्हणजे उंचीच्या ठरलेल्या खुणांमुळे, येणाऱ्या वीस-तीस सेंटीमीटरचा, कारण तो दिसत नाही आणि एका ओट्याची उंची तेवढीच असते. म्हणून नदीच्या मोजपट्टीजवळचा आणि गावातला असे दोन्ही बिंदू एकाच बेंचमार्कवरून तपासून घेतले. (पश्चिम विदर्भात हेच काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: यूटीएम या नकाशांच्या जागतिक मांडणीतल्या ४३ आणि ४४ पट्ट्यांची हद्द, ७८ अंश रेखांश, विदर्भातून जाते. भंडारा-गोंदिया ४४मध्ये, अकोला ४३मध्ये.)

*छपरं शोधणं.* किमान उंची १.३ मीटर, किमान क्षेत्र ८ चौरस मीटर, सपाटपणाची सूट १८ सेंटीमीटर. प्रत्येक बिंदूचा सपाटपणा शेजारच्या बिंदूंवरून ठरतो, तेव्हा शेजार किती मोठा घ्यायचा हा प्रश्न येतो. चौरस मीटरला ८ बिंदू असताना अर्ध्या मीटरच्या त्रिज्येत सहाच बिंदू येतात. तेवढ्यावर कवेलूच्या नळ्या आणि झाडाची फांदी यांतला फरक कळत नाही. एक मीटर त्रिज्येत पंचवीसेक येतात, ते पुरतात. त्याहून मोठी त्रिज्या घेतली की लहान घराचं आढंच गोल होऊन जातं.

*झाडाखालची छपरं.* यासाठी फक्त शेवटचे रिटर्न घेतले, तेही १.३ ते ४.५ मीटर उंचीमधले, आणि त्यांत रॅन्सॅकने, म्हणजे मोजके बिंदू निवडून सगळ्यांत जास्त बिंदू कशावर बसतात ते पाहणाऱ्या पद्धतीने, तिरपी प्रतलं (सपाट पृष्ठभाग) शोधली. पालवीतून पाव बिंदू खाली उतरले असं धरलं तर २० चौरस मीटरच्या छपरावर चाळीसेक बिंदू मिळतात. एका प्रतलाला किमान १५ बिंदूंचा आधार मागितला. निंबाखाली हे जमलं. दाट आंबा आणि चिंचेखाली जमलं नाही आणि जमणारही नव्हतं; खाली बिंदूच पोचलेले नव्हते. अशी झाडं ‘खाली पाहा’ या वेगळ्या यादीत टाकली.

*टिनाची भोकं.* वस्तीच्या आत ६ चौरस मीटरपेक्षा मोठी जी जागा बिंदूंविना होती, ती सगळी वेगळी काढून ऑर्थोफोटोवर पाहिली. पाणीही अशीच भोकं पाडतं, म्हणून बोडी (लहान तळं) आणि खड्डे आधी वगळले.

*पुंजणे आणि गंज्या.* इथे छपराच्या उतारांच्या दिशा उपयोगी पडल्या. दुपाखी छपराचे उतार समोरासमोरच्या दोनच दिशांना असतात आणि मधे आडवी, सरळ आढ्याची रेघ असते. गोल गंजीचे उतार चहूकडे विखुरलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या उतारांच्या दिशा आठ भागांत मोजल्या. दोन समोरासमोरच्या भागांत बहुतेक बिंदू असतील तर घर, सगळीकडे सारखे असतील तर गंजी. लांबट रचलेल्या गंज्या मात्र यातही घर म्हणून उतरल्या, कारण त्यांचा आकार घरासारखाच असतो. त्या काढायला आणखी नियम न लावता संशयाच्या यादीत राहू दिल्या.

*पायी फेरी.* निश्चित, संशयित आणि ‘खाली पाहा’ अशा तीन रंगांत क्रमांक घालून १:१००० प्रमाणात नकाशे छापले आणि कोतवाल, आशाताई व टोलीतल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन घरोघर फिरलं गेलं. प्रत्येक घराशी दोन गोष्टी लिहून घेतल्या: इथे रात्री कुणी झोपतं का, आणि अंगणापासून ओट्याची उंची किती. दुसरी मोजायचीच होती. ओटा वळचणीखाली असतो, वरून येणाऱ्या लेझरला तो दिसत नाही, आणि पाणी घरात शिरतं ते ओटा ओलांडल्यावर. अंगणाची उंची लेझरची, ओट्याची टेपची, दोन्हींची बेरीज म्हणजे घराची पातळी.

पहिला प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरला. १.३ मीटरच्या आसपासचे, कोठे म्हणून वगळायला निघालेले काही तुकडे होते. त्यांतल्या एकात एक म्हातारी एकटी राहत होती. लेकाचं घर पुढे, तिची झोपडी सांदवाडीत, कोठ्याला लागून. वरून पाहता कोठा आणि झोपडी यांत काहीही फरक नाही.

निकाल

टोलीतली जवळपास सगळी कवेलूची छपरं दुसऱ्या फेरीत संगणकालाच सापडली. उरलेली आंब्याखालची, ती पायी फेरीत मिळाली. नव्या टिनाची घरं भोकांच्या यादीतून आली. संशयित यादी पहिल्या फेरीपेक्षा बरीच लांब झाली आणि फिरायला जास्त वेळ लागला. हा खर्च आधीच मान्य केलेला होता.

एका ठिकाणी मात्र गडबड झाली. पहिली यादी ‘घरांची यादी’ म्हणून पुढे गेली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८शी, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीशी, ताडल्यावर आकडे जुळेनात, आणि लेझरचंच काम चुकलं असं वाटू लागलं. खरं कारण वेगळं होतं. लेझरला छपरं दिसतात, कुटुंबं दिसत नाहीत. भावाभावांत वाटणी झालेल्या घराला आढं एकच असतं, चुली तीन असतात. जिथे छपरांत ३० सेंटीमीटरची पायरी होती तिथे तुकडे पाडता आले. एकसंध छपराखाली ते शक्य नाही. यादी नव्याने लिहिली: छपराचा क्रमांक वेगळा, कुटुंबाचा वेगळा, एका छपराखाली कितीही कुटुंबं. टोलीतल्या ज्या घरांची नमुना ८मध्ये नोंदच नव्हती, त्यांनाही छपराचा क्रमांक मिळाला. ही यादी फक्त माणसं हलवण्यासाठी आहे, मालकीशी तिचा संबंध नाही, असं वर ठळक लिहिलं. ते लिहिल्याशिवाय टोलीतले लोक मोकळेपणी बोलायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

आणखी एक मर्यादा उरली. छपराचा आराखडा वळचणीसकट येतो, भिंतीचा नाही. कवेलूच्या घराला वळचण प्रत्येक बाजूला अर्धा-पाऊण मीटर पुढे असते. पुराच्या यादीला याने फरक पडत नाही. मात्र हाच आराखडा कुणी नुकसानभरपाईसाठी किंवा कर आकारणीसाठी उचलला तर क्षेत्रफळ चुकेल. तशी सूचना फाइलसोबत जोडली.

वेगळं काय करता आलं असतं

उड्डाणाची तारीख. मोजणी डिसेंबरात झाली ती विमान उपलब्ध होतं म्हणून. मार्चमध्ये झाली असती तर पुंजणे मळून गेले असते, साग आणि मोह उघडे झाले असते, नदीही उतरलेली असती. आंबा-चिंच तेव्हाही हिरवेच, गंज्याही परसात असत्याच, तरी निम्मं गाळण्याचं काम वाचलं असतं. घरं शोधायची आहेत हे मोजणीचं कंत्राट लिहितानाच ठाऊक असेल तर तारीख त्यात घालावी. बिंदूंची घनता ‘गावठाणात’ किती हवी एवढंच लिहू नये. विमानाच्या पट्ट्यांना छेदणारी एक आडवी फेरी टोलीवरून घ्यायला सांगितली असती तर काही झाडांखाली दुसऱ्या कोनातून पल्स पोचल्या असत्या आणि टिनाची भोकंही कमी झाली असती.

छपरांची टेपने मोजणी आधी व्हायला हवी होती, हे वर आलंच आहे. त्यातही फक्त गावठाणातली छपरं मोजली असती तर आकडे पुन्हा २.५च्या जवळ गेले असते. पहिलं घर मोजायचं ते नदीच्या सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात ठेंगणं.

किमान क्षेत्र ८ चौरस मीटर हा निर्णय अजूनही पक्का वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाची झोपडी त्याहून लहान असू शकते. मर्यादा ५वर आणली तर प्रत्येक बैलगाडी आणि मांडव यादीत येतो आणि फिरणाऱ्या माणसाचं लक्ष विरतं. सध्याची तडजोड अशी: टोलीपुरती मर्यादा ५, गावठाणात ८.

यादी दर वर्षी मे महिन्यात गावात वाचून दाखवायची, असं ठरलं आहे. त्या वर्षात पडलेली घरं, नवे टिनाचे शेड आणि राहायला आलेली माणसं त्याच वेळी हाताने घालायची. ज्या क्रमांकावर गंजी निघाली तो क्रमांक रद्द करायचा नाही, ‘गंजी’ असं लिहून ठेवायचा. पुढच्या उड्डाणात त्याच जागी काय दिसतं, हे ताडायला तो लागेल.